तिसऱ्या मजल्यावरचा नमुना

सुईताईनं कागदावर चौकोन काढला आणि खालच्या रेघेत दाराएवढी फट ठेवली. मांडीवरची मुलगी पेन्सिलीवर झडप घालत होती, त्यामुळे बाहेरच्या खोलीची भिंत मध्येच घसरली.

"असू दे," वकीलबाई म्हणाल्या. "मला घर विकायचं नाहीये. दारापासून पलंगापर्यंत किती पावलं, तेवढं सांगा."

"अकरा. फार तर बारा."

"कपाट कुठे?"

"पलंगाच्या उशाशी."

"हात लावलात त्याला?"

"नाही. पिशवी ठेवायला जागा नव्हती, म्हणून त्याला टेकवून ठेवली होती."

वकीलबाईंनी लाल पेनानं कपाटाभोवती गोल केला. "तक्रारीत नेमकं हेच आहे. अनोळखी बाई कपाटाजवळ उभी होती, जवळ पिशवी होती आणि तिनं आईचा हात धरला होता. आईच्या बोटात अंगठी. मी विचारल्यावर काहीतरी पुटपुटली आणि जिना उतरून पळाली." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "पळालात?"

"भरभर उतरले."

"म्हणजे पळालात."

खोलीत एकच खिडकी होती आणि तिच्यापुढे फायलींचा ढीग होता. सुईताईनं मुलीच्या कपाळाला हाताची मागची बाजू लावून पाहिली. दोन दिवसांपूर्वीचा ताप उतरला होता, पण हात आपोआप तिकडे जात होता.

सुईताई हे नाव तिला पाच वर्षांच्या एका पेशंट मुलीनं दिलं होतं, आणि लॅबमध्ये तेच चिकटलं. सकाळी सहा ते नऊ लोकांच्या घरी जायचं, रक्ताचे नमुने घ्यायचे, नळ्या लॅबमध्ये पोचवायच्या. तीन वर्षांत तिनं किती दारं ओलांडली असतील, याची गणती नव्हती. बरीचशी दारं तिच्यासाठी नुसती लोटलेली असत. आजारी माणूस उठू शकत नाही, घरातलं दुसरं कुणी अंघोळीला गेलेलं असतं, म्हणून आदल्या दिवशीच सांगून ठेवत, बेल वाजवू नका, सरळ आत या. मंगळवारी सहकारी मैत्रीण रजेवर होती आणि तिची यादी सुईताईकडे आली होती. यादीत मैत्रिणीच्या गिचमिड अक्षरात लिहिलं होतं, 'चौथा मजला, उजवं दार. लोटलेलं असतं. आजी दचकतात, बेल नको.'

लिफ्ट बंद होती. जिन्याच्या पहिल्या वळणावर इमारतीच्या कार्यालयाचा अर्धा मजला होता. रात्रभर मुलीचा ताप मोजून आलेल्या सुईताईनं तो अख्खा धरला. उजवं दार लोटलेलं होतं. आत पलंगावर एक आजीही होत्या.

"तिसरा मजला," वकीलबाई लिहिताना म्हणाल्या. "तक्रारदार तेव्हा कुठे होता?"

"खाली, कचरा टाकायला गेला होता. दार ओढून गेला होता, पण लागलं नव्हतं."

"आत गेल्यावर काय बोललात?"

सुईताईनं मुलीच्या केसांतला गुंता बोटानं सोडवला. "आमच्यात एक नियम आहे. पेशंटला नाव सांगायचं नाही, विचारायचं. त्याच्या तोंडून आलं पाहिजे. मी... मीच चौथ्या मजल्यावरचं नाव घेतलं आणि म्हटलं, तुम्हीच ना आजी? त्यांनी मान हलवली. त्यांना ऐकू कमी येतं, हे मला नंतर कळलं."

"मान हलवली. मग?"

"मग त्यांनी बाही वर केली."

वकीलबाईंचं पेन थांबलं. "बाही कशाला?"

"रक्त घेतलं मी त्यांचं. दोन नळ्या."

शेजारच्या खोलीत कुणीतरी कागदांवर शिक्के मारत होतं. एकामागून एक पाच-सहा धप्पे ऐकू आले.

"हे पोलिसांना सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं नाही. कपाटाचंच विचारत होते."

"मुलानं पाहिलं?"

"तो आला तेव्हा कापूस दाबून आजींचा हात मी दुमडला होता. नळ्या पिशवीत गेल्या होत्या. तो ओरडला, आम्ही कुणाला बोलावलं नाही. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि मग मला काही सुचलंच नाही. खाली इमारतीच्या रजिस्टरमध्ये माझं नाव होतं, त्यावरून त्यांनी शोधून काढलं."

वकीलबाई खुर्चीत मागे टेकल्या. वय पन्नाशीच्या पुढचं, आवाज कायम बसल्यासारखा. "आता मी काय सांगते ते नीट ऐका. मुलीला हे द्या," म्हणत त्यांनी किल्ल्यांचा जुडगा पुढे केला. "दुसऱ्याच्या घरात नुसतं शिरणं म्हणजे फौजदारी गुन्हा नव्हे. नाहीतर पत्ता चुकलेला प्रत्येक पोस्टमन आत असता. शिरताना मनात काय होतं, हे तिकडच्या बाजूला सिद्ध करावं लागतं. चोरी करायची होती, धमकावायचं होतं, अपमान करायचा होता, निदान मुद्दाम त्रास तरी द्यायचा होता. इरादा लागतो. तो नसेल तर अतिक्रमणाचा गुन्हा उभा राहत नाही."

"माझा नव्हता."

"नव्हता म्हणून भागत नाही, दाखवावं लागतं. तुमची त्या दिवशीची यादी, चौथ्या मजल्यावरच्या आजींसाठी डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी. एवढं आपल्याकडे आहे आणि ते पुरतं. शिवाय या गुन्ह्यात तडजोड चालते. घर ज्याच्या ताब्यात आहे, त्यानं लिहून दिलं की माझी तक्रार नाही, की न्यायालय सहसा अडवत नाही. मी त्याला फोन केला होता. फिटर आहे कुठल्याशा कारखान्यात. तोंडानं फटकळ आहे, पण ऐकतो. उद्या अकराला येतोय."

"आणि त्या नळ्या?"

"कुठल्या नळ्या?" वकीलबाईंनी विचारलं.

सुईताईनं मुलीचा हात टेबलावरून मागे घेतला.

"बाई, नीट समजून घ्या. चुकून घरात गेलात, ही चूक. माणसाला न विचारता सुई टोचलीत, हा दुसरा गुन्हा. त्याला इजा म्हणतात, निष्काळजीपणा म्हणतात. तो एकदा कागदावर आला की तुमचा परवाना जाईल. परवाना गेला की परत मिळत नाही. तक्रारीत सुईचा शब्द नाही. आपण होऊन घालायचा नाही."

"मला आत टाकतील?"

"जामीन होतो याला. पण दोन वर्षं तारखांना या, आणि परवाना गेल्यावर काय करणार आहात ते तुम्हीच ठरवा. अजून दूध पिते ही?"

"रात्री फक्त."

"मग तर झालंच," वकीलबाई म्हणाल्या आणि मुलीच्या तोंडातून जुडगा हळूच काढून घेतला. "यादी आणि चिठ्ठी उद्या येताना घेऊन या. आणि त्या घराच्या आसपासही फिरकू नका."

*

यादी लॅबमध्ये होती. घरभेटी बंद केल्यापासून सुईताई दोन दिवस तिकडे गेली नव्हती. मैत्रीण तिला पाहताच खुर्ची सोडून उठली.

"माझ्यामुळे झालं गं सगळं. लिफ्ट बंद असते हे लिहायला पाहिजे होतं मी." मग तिनं मुलीचा गाल ओढला. "आता तुझी आई वॉरंट घेऊनच लोकांच्या घरी जाणार बघ."

सुईताई हसली. तेवढ्यानं मैत्रिणीला बरं वाटलं असावं. ती खणातून यादी काढून देत बोलत राहिली.

"त्या दिवशी मशीनसुद्धा वेडं झालं होतं म्हणे. तू गेलीच नाहीस म्हणून चौथ्या मजल्यावरून फोन आला, मग इथून दुसऱ्या मुलीला पाठवलं. आणि नंतर बघतात तर त्या आजींचे दोन रिपोर्ट. एक ठणठणीत बाईचा, एक मेलेल्या माणसाचा. डॉक्टर म्हणाले, पहिला नमुना खराब झालाय, टाका. पण पहिला आला कुठून, हे कुणालाच कळेना. तू जमा केलास का?"

"पिशवीत काय होतं ते बघितलं नाही मी. ठेवली आणि निघाले," सुईताई म्हणाली. एवढं तरी खरं होतं.

"जाऊ दे. खराबच होता."

"बघू."

मैत्रिणीनं पडदा तिच्याकडे वळवला. आकडे लाल रंगात होते. सुईताईनं मुलीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. क्रिएटिनिन सात पूर्णांक चार. ते एकच्या आसपास असायला हवं. पोटॅशियम सहाच्या वर. हलवाहलवीत नमुना खराब झाला तर पोटॅशियम खोटंच चढतं, हे तिला माहीत होतं. डॉक्टरांनी तेच धरलं असणार. पण क्रिएटिनिन तसं चढत नाही. मूत्रपिंडं थकतात तेव्हाच ते चढतं. सातवर गेलं, म्हणजे ती थकून कधीच बसली होती.

आणि तिनं नमुना हलवला नव्हता. नळी भरल्यावर हलक्या हातानं पाच वेळा उलटी केली होती. ते तिला लख्ख आठवत होतं. आजींची शीर चटकन सापडली होती. पाय पांघरुणाबाहेर होते, घोट्याशी सुजलेले. आजी तिच्याकडे बघत होत्या, सुईकडे नाही.

"काय गं?" मैत्रिणीनं विचारलं.

"काही नाही. खराबच आहे."

बाहेर आल्यावर जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बसून तिनं वकीलबाईंना फोन लावला. आकडे सांगितले.

"किती दिवस आहेत त्यांच्याकडे?" वकीलबाईंनी विचारलं.

"सांगता येत नाही. महिनाही जाईल. पोटॅशियम खरं असेल तर उद्या सकाळीसुद्धा... हृदय बंद पडतं."

"हं."

"मी निनावी फोन केला तर?"

"'तुमच्या आईची मूत्रपिंडं तपासून घ्या', असं सांगणारं माणूस कोण, हे शोधायला त्याला किती वेळ लागेल? परवा घरात एक लॅबवाली बाई शिरलेली. काय करायला आली होती, हे आपण होऊन त्याच्या लक्षात येईल." त्यांचा आवाज आणखी बसला. "मी तुमची वकील आहे. त्या आजींची नाही. हे मला ठेवणीतलं वाक्य म्हणून सांगायचं नाहीये. पण उद्या अकरा वाजेपर्यंत मला दुसरं काही सांगता येत नाही. आधी त्याची सही होऊ द्या."

"सही झाल्यावर सांगितलं तर?"

"सही म्हणजे न्यायालय नव्हे. न्यायाधीशांपुढे त्याला तेच बोलावं लागतं, आणि त्याला पंधरा दिवस तरी लागतात. तेवढ्यात तो फिरू शकतो."

पंधरा दिवस. सुईताईनं फोन बंद केला. मुलगी पायरीवर उभी राहून कठडा चाटत होती.

*

"सांगायचं नाही," नवरा म्हणाला. तो बादलीवर ओणवून मुलीला अंघोळ घालत होता आणि मान वर करत नव्हता. "तू डॉक्टर नाहीस. तुला रिपोर्ट वाचायचा अधिकारच नाही. आणि उद्या ते खोटं निघालं तर? म्हणजे परवानाही गेला आणि वर हसं झालं."

"खोटं नाहीये ते."

"बरं, खरं. मग त्या बाईचा मुलगा काय करतोय? आईचे पाय सुजलेत ते त्याला दिसत नाहीत?"

"रोज बघणाऱ्याला दिसत नाही."

त्यानं मुलीच्या डोक्यावर पाणी ओतलं. तिनं श्वास रोखला, डोळे मिटले आणि मग फुर्र केलं. सुईताई टॉवेल धरून उभी होती. तिच्या नकळत ती श्वास मोजत होती. तापाच्या रात्री लागलेली सवय, मिनिटाला किती.

"हिला कुणी असं न विचारता टोचलं असतं, तर तू सोडलं असतंस?" नवऱ्यानं विचारलं. चिडून नव्हे, खरंच विचारल्यासारखं.

"नाही."

"मग तो का सोडेल?"

"नाही सोडणार."

"अगं, तेच तर म्हणतोय मी. ती एक कुठली आजी. आपल्याला ही एकच आहे."

तिनं मुलीला टॉवेलमध्ये गुंडाळून घेतलं. ओलं डोकं तिच्या गळ्याशी लागलं. "त्यालाही ती एकच आहे," ती म्हणाली, आणि पावडरचा डबा शोधायला आत गेली.

*

फिटर अकराला दहा मिनिटं असतानाच येऊन बसला होता. सुईताईला वाटलं होतं तितका तो दांडगा नव्हता. मंगळवारी दारात तो सगळी चौकट भरून उभा असल्यासारखा दिसला होता. आता तो खुर्चीच्या कडेवर बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि नखांतलं काळं लपवायला त्यानं मुठी मिटल्या होत्या. सुईताई समोर बसली तेव्हा त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

वकीलबाईंनी यादी पुढे ठेवली. चिठ्ठी ठेवली. चौथा मजला, उजवं दार. मधला अर्धा मजला त्यांनी पेननं हवेत काढून दाखवला.

"मीसुद्धा एकदा त्या ऑफिसपाशी घोटाळलोय," फिटर म्हणाला. "नवीन राहायला आलो तेव्हा. पण म्हणून काय कुणाच्या घरात गेलो नाही."

"बरोबर आहे तुमचं."

"आणि कचरा टाकायला गेलो, तर दोन मिनिटांत? मला वाटलं टपूनच बसली होती. हल्ली काय ऐकतो आपण. एकटी म्हातारी बघायची आणि..." तो पहिल्यांदा सुईताईकडे वळला. "तोंड नव्हतं का तुम्हाला? सांगायचं ना, दादा, चुकले म्हणून. पळायचं कशाला? बरं, शिकलेल्या दिसता."

"घाबरले," ती म्हणाली.

"मी काय खाणार होतो?"

"तुमच्या हातात कचऱ्याची बादली होती. ती उगारली होती तुम्ही."

फिटरनं ओठ दाबले. मग नाकातून आवाज आला, तो हसण्याचाच होता. वकीलबाईंनी तो अचूक ओळखला आणि टाईप केलेला कागद त्याच्यापुढे सरकवला. तीन ओळी होत्या. गैरसमज झाला होता, तो दूर झाला, माझी काही तक्रार राहिलेली नाही.

"वाचा आणि पटलं तर इथे."

तो वाचत होता. एकेका शब्दाखाली बोट सरकवत. मुलगी शेजारणीकडे होती. शेजारणीनं तिला आता बिस्कीट दिलं असेल, मोठा तुकडा तर दिला नसेल ना, घशात अडकला तर, असं काहीतरी तिच्या मनात चाललं होतं आणि त्याच्या आड दुसरं, तेच ते, लाल आकड्यातलं.

"आई कशा आहेत?" तिनं विचारलं.

वकीलबाईंनी मान न हलवता नुसते डोळे तिच्याकडे वळवले.

"बरी आहे," फिटर म्हणाला. बोट दुसऱ्या ओळीवर थांबलं. "म्हणजे, वय झालंय. खाणं गेलंय. कालपासून सारखी मळमळते म्हणते. झोपूनच असते."

"लघवीला?"

"काय?"

"कमी झाली का त्यांची लघवी?"

"बाई," वकीलबाई म्हणाल्या. ते फिटरला उद्देशून नव्हतं.

फिटर गोंधळून एकीकडून दुसरीकडे बघत होता. "झालीय कमी. उठवत नाही तिला, म्हणून पाणीच पीत नाही. का?"

"गुडघ्यांच्या गोळ्या घेतात?"

"रोज दोन. मीच देतो सकाळ-संध्याकाळ. नाहीतर रडते दुखण्यानं. चार वर्षं झाली. दुकानातून आणतो." त्यानं पेन खाली ठेवलं. "का विचारताय?"

सुईताईनं पिशवीतून घडी केलेला कागद काढला. सकाळी लॅब उघडल्याबरोबर तिनं तो छापून घेतला होता. वरचं नाव चौथ्या मजल्यावरचं होतं. ते तिनं पेनानं खोडून टाकलं होतं आणि जागा मोकळी ठेवली होती.

"दादा, मंगळवारी तुम्ही यायच्या आधी मी तुमच्या आईंचं रक्त घेतलं होतं. त्या चौथ्या मजल्यावरच्या आजी आहेत असं समजून. नाव नीट विचारलं नाही, ती माझी चूक आहे. त्यांचा हात मी त्यासाठी धरला होता. हा त्याचा रिपोर्ट आहे. मूत्रपिंडं काम करत नाहीयेत. आजच दवाखान्यात न्यायला पाहिजे. संध्याकाळी नाही, आत्ता. आणि त्या गोळ्या बंद करा."

वकीलबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि दोन बोटांनी नाकाचं मूळ दाबून धरलं.

फिटर कागदाकडे बघत होता. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं, हे दिसत होतं. तरी तो बोट सरकवत ओळीमागून ओळ उतरत गेला, तळापर्यंत, आणि पुन्हा वर आला. त्याच्या मुठी आता उघड्या होत्या.

"गोळ्यांनी झालं हे?" त्यानं विचारलं.

"तसंच असेल असं नाही. डॉक्टर सांगतील."

"मी विचारतोय तुम्हाला."

सुईताईला खोटं बोलता आलं असतं. "गोळ्यांनी होऊ शकतं," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली. बराच वेळ हलवत राहिला.

"हातावर निळं झालंय तिच्या," मग तो म्हणाला. "काल बघितलं. मी म्हटलं पलंगाची कड लागली असेल."

"मी टेप लावायला विसरले. दाबून धरायला पाहिजे होतं जरा वेळ."

"तुम्ही माझ्या आईला सुया टोचल्या आणि इथे येऊन बसलात. माझ्याकडून सही घ्यायला."

"हो."

त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं, असं तिला वाटलं. तिनं हात मांडीवर ठेवले होते आणि ते तिला कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे दिसत होते.

वकीलबाई म्हणाल्या, "तुम्हाला तक्रारीत आणखी काही घालायचं असेल तर तो तुमचा हक्क आहे. मी त्यांची वकील आहे, मी तुम्हाला अडवणार नाही आणि सल्लाही देणार नाही. पण आधी गाडी बोलवा."

"ती उतरणार नाही," फिटर म्हणाला. "दोन वर्षं घराबाहेर आली नाही. डॉक्टर घरी आणला होता मागे, त्याला चावली. खरंच चावली, हसू नका." कुणी हसत नव्हतं. "नवं माणूस दिसलं की सगळी इमारत गोळा करते. मंगळवारी मी आत आलो तेव्हा ती गप्प होती. मला तेच विचित्र वाटलं. वाटलं, हिनं तोंड दाबलं की काय. नंतर विचारलं, आई, कोण होती गं ती? तर म्हणाली, कुणाची का असेना, हळू हाताची होती." तो उठला. बसला. परत उठला. "तुम्ही चला."

"कुठे?"

"घरी. तिला खाली घ्यायला. तुम्ही हात धरलात तर उतरेल. आणि दवाखान्यात परत रक्त घेतील ना? तेव्हाही."

सुईताई उभी राहिली होती. आपण कधी उठलो, हे तिला कळलं नाही.

"बसा," वकीलबाई म्हणाल्या. "दोघंही. तक्रार उभी आहे. ती आज त्या घरात शिरली, आणि उद्या म्हातारीचं काही कमीजास्त झालं, आणि तुम्ही म्हणालात की ही परत आली होती, तर मी कुठे तोंड दाखवू? लेखी परवानगीशिवाय ही त्या दारात पाऊल ठेवणार नाही."

"मग द्या कागद."

त्यांनी कोरा कागद दिला. तो उभ्यानंच टेबलावर वाकून लिहू लागला. अक्षर मोठं, शाळेतल्यासारखं. टाईप केलेल्या तीन ओळींचा कागद त्याच्या कोपराखाली तसाच होता, सहीची जागा मोकळी.

"आणि हे?" वकीलबाईंनी त्याच्यावर टिचकी मारली.

"ते मला आत्ता विचारू नका."

लिहून झालेला कागद त्यानं सुईताईकडे दिला नाही, वकीलबाईंकडे दिला. त्यांनी चष्मा लावला. वाचता वाचता त्यांच्या भुवया वर गेल्या आणि त्यांनी लाल पेन उचललं.

"या बाईंनी माझ्या आईचं पुन्हा रक्त घेण्यासाठी माझ्या घरी यावं, माझी परवानगी आहे." त्यांनी मोठ्यानं वाचलं. "यातलं 'पुन्हा' काढा."

"का?"

"तुम्हाला नाही, हिला सांगतेय. 'पुन्हा' ठेवलं तर आधी एकदा घेतलं होतं, हे कागदावर आलं. आत्तापर्यंत ते फक्त या खोलीत बोललं गेलंय. खाली तुमचीही सही लागेल, म्हणजे तुम्हाला ते मान्य आहे. यानं उद्या हा कागद पोलिसांना दिला, तर मला तुमच्यासाठी काही करता येणार नाही." पेनाचं टोक त्या शब्दावर टेकलं होतं. "एक शब्द आहे. खोडते मी."

फिटरनं फोन कानाला लावला होता आणि कुणाला तरी पत्ता सांगत होता. तिसरा मजला, लिफ्ट बंद आहे, खुर्ची घेऊन या.

सुईताईनं वकीलबाईंच्या हाताखालून कागद ओढून घेतला. लाल टिंब पडलं होतं, तेवढंच. तिनं काही खोडलं नाही. खाली सही केली, तारीख घातली आणि घड्याळाकडे बघून पुढे लिहिलं, अकरा वाजून चौतीस.

"वेळ कशाला?" वकीलबाईंनी विचारलं.

"सवय," ती म्हणाली. "नमुन्यावर लिहावी लागते."